मोतीबिंदू आणि बॉनेट

"ऑपरेशन आजोबांचं आहे, पण जपायचं तुम्हाला," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. "मोतीबिंदू निघाला की माणसाला सगळं दिसायला लागतं. सगळं म्हणजे सगळं. घरच्यांनी तयारी ठेवावी."

सूनबाई हसली. डॉक्टर लोक पेशंटच्या नातेवाइकांना एखादा विनोद सांगतात आणि नातेवाइकांनी त्यावर हसायचं असतं, अशी तिची समजूत. मग तिने वही काढून खरे प्रश्न विचारले. थेंब कधी घालायचे, डोक्यावरून अंघोळ चालेल का, शिंक आली तर काय करायचं, नातीने डोळ्यात बोट घातलं तर काय, आणि नातीने दुसऱ्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या डोळ्यात बोट घातलं तर काय. डॉक्टरांनी आपण होऊन जी एकच गोष्ट सांगितली होती, तिच्याबद्दल मात्र तिने काही म्हणजे काही विचारलं नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि नाना, म्हणजे तिचे सासरे, घरी येऊन काळा चष्मा काढून आपल्या खुर्चीत बसले. समोरच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं. डावा झाकून उजव्याने बघितलं.

"सूनबाई, ही भिंत पांढरी आहे?"

"हो नाना."

"पहिल्यापासून?"

"हो नाना."

"मी इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय की आमच्या सूनबाईने काय सुरेख बदामी रंग निवडलाय."

"आम्ही ऐकायचो ना."

"मग कोणी काही बोललं का नाही?"

तोवर नानांचा डोळा पंख्याकडे गेला होता. पंख्याच्या पात्यांना धुळीची झालर आहे हे त्यांनी जाहीर केलं. पडद्याची शिवण उसवलीय हे सांगितलं. कपाटावर गेल्या वर्षीपासून जे खोकं आहे त्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचलं. मग सूनबाईकडे वळून म्हणाले, "तुला झोप मिळत नाही का गं? डोळ्यांखाली केवढं काळं झालंय."

"मिळते की."

"मग पावडर तरी लावत जा."

संध्याकाळी नानांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, ऑफिसातून आला. बूट काढायला वाकला आणि नाना म्हणाले, "अरे, तुझा भांग कुठे गेला?" मुलगा त्या दिवसापासून वडिलांसमोर वाकेनासा झाला. रात्रीच्या जेवणापर्यंत घरातली एकही वस्तू नानांसमोर मान वर करून उभी राहू शकत नव्हती. आणि मग नानांनी खुशीत हात चोळले.

"आता एकदा गाडी बघतो."



गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. गाडी नानांची, अठरा वर्षांची, निळी. निळी म्हणजे घेतली तेव्हा निळी. तिची उभी राहायची जागा अशी की दुपारचं ऊन नेमकं उजव्या अंगावर येतं, त्यामुळे ती बाजू धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशासारखी झालेली. डावी बाजू उन्हापासून वाचली होती, पण ठकूपासून वाचली नव्हती. ठकू म्हणजे सूनबाईची साडेतीन वर्षांची मुलगी. तिच्या तीनचाकी सायकलच्या हँडलची जी उंची, त्या उंचीवर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघाच रेघा. बॉनेटवरच्या चकाकीचे पापुद्रे सुटले होते, आणि टपावर पांढुरके डाग असे पसरले होते की बघणाऱ्याला वाटावं, ढगांनी रांगोळी घालायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

हे सगळ्यांना दिसायचं. नाना सोडून. नाना रोज सकाळी खाली जाऊन पिवळ्या फडक्याने गाडी पुसायचे आणि वर येऊन म्हणायचे, "काय रंग आहे. अजून पहिल्या दिवसासारखा."

मुलगा म्हणायचा, "नाना, जुनी झाली ती. बॅटरी बसलीय. तुम्हीही चालवत नाही आता. काढून टाकू, जागा तरी मोकळी होईल."

"रंग बघ तू. ज्या गाडीचा रंग असा, ती जुनी कशी?"

मुलगा तोंड उघडायचा, नानांच्या जाड भिंगांकडे बघायचा आणि तोंड मिटायचा. त्या घरात सगळे सगळ्यांना सगळं बोलायचे, पण हे एक नाही. शेवटी ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने करार केला. "डोळा होऊ दे. मग तुम्ही स्वतः बघा. तुम्हीच म्हणालात जुनी झाली, तर जाईल. नाही म्हणालात, तर मी जन्मात विषय काढणार नाही." नानांनी हात पुढे केला. दोघेही शब्दाचे पक्के. अडचण तीच होती.

आता सूनबाईला गाडीचं एवढं का पडलं होतं? तिला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं. तिचा जीव दुपारच्या एका तासात होता. रोज दुपारी नाना आणि ठकू त्या उभ्या गाडीत जाऊन बसायचे. नाना स्टिअरिंगवर, ठकू शेजारी. तासभर दोघं प्रवास करायचे, समुद्र ओलांडून वगैरे. हॉर्नला बॅटरी नसल्याने ठकू तोंडाने वाजवायची. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी सूनबाई शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासत बसायची. मान वर केली की खाली काचेतून दोन डोकी दिसायची, एक पांढरं आणि एक दोन बो बांधलेलं. दोन्ही एका नजरेत. काचा चार बोटं उघड्या, दारं बंद, गाडी जागची हलत नाही. ज्या बाईला घरात सुई पडल्याचा आवाज आला तरी ती कोणाच्या पायात गेली असेल याची चार चित्रं दिसतात, तिला दिवसातला तेवढा एक तास छातीत धडधड न होता मिळायचा. गाडी गेली की हे दोघं रस्त्यावर हिंडणार. एकाला अर्धं दिसतं, दुसरी पूर्ण पळते.

नानांना जिने उतरायला आणि धुळीत जायला पुढच्या तपासणीपर्यंत बंदी होती. सूनबाईने आधी पळत जाऊन गाडीवर कव्हर घातलं.

"कव्हर कशाला?" नाना खिडकीतून म्हणाले.

"धूळ नको ना, नाना."

"डॉक्टरांनी धूळ मला नको म्हटलंय. गाडीला नाही."

गॅरेजमध्ये नेऊन रंगवायची म्हटली तर खालची जागा रिकामी दिसणार आणि नाना दिवसभर खिडकीत. तेव्हा तिला तो व्हिडिओ सापडला. गाडीच्या रंगाचं रक्षण करणारी पारदर्शक फिल्म. एक माणूस गाडीवर ती अंगासारखी बसवतो, तारेच्या ब्रशने तिच्यावर खसाखसा ओरखडे काढतो, वरून गरम पाणी ओततो, आणि ओरखडे बघता बघता नाहीसे होतात. सूनबाईने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. शेवटी तो माणूस बोट वर करून बराच वेळ काहीतरी सांगत होता. दुकानाचा पत्ता सांगत असावा.

सूनबाई सगळे व्हिडिओ आवाज बंद करून बघते. ठकू झोपलेली असते, किंवा झोपेल असं वाटत असतं, किंवा नुकतीच उठलेली असते आणि पुन्हा झोपेल अशी वेडी आशा असते. तिचं ठकूनंतरचं सगळं ज्ञान त्यामुळे मुकं आहे. तो माणूस बोट वर करून काय सांगत होता, ते तिने सगळं उरकल्यावर आवाज लावून ऐकलं. तो म्हणत होता की ओरखडे भरून येतात ते फिल्मवरचे, गाडीवरचे नाहीत. आणि जुन्या, पापुद्रे सुटलेल्या रंगावर फिल्म कृपा करून लावू नका, कारण एकदा चिकटली की ती रंगाशिवाय परत येत नाही. पत्ता त्याने सांगितलाच नव्हता.

अशी फिल्म लावून देणाऱ्या एका माणसाला, म्हणजे फिल्मवाल्याला, तिने लगेच फोन केला.

"गाडी नवी आहे ना, मॅडम?"

"वापर अगदी कमी आहे," सूनबाई म्हणाली. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"होऊन जाईल," फिल्मवाला म्हणाला. पुढे कळलं की त्याच्या बोलण्यात हे एवढंच वाक्य कायमचं होतं, बाकीची येऊन-जाऊन असायची.

मग सेक्रेटरी. इमारतीच्या खालच्या फळ्यावरचे सगळे नियम या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले, आणि ते पाठ असूनही ते रोज उभे राहून वाचायचे.

"पार्किंगमध्ये वाहन धुण्यास मनाई आहे, वहिनी."

"धुणार नाही. फिल्म लावणार. पारदर्शक आवरण असतं."

"म्हणजे आच्छादन. आच्छादनाला कमिटीची मंजुरी लागते. पहिल्या मजल्यावरच्यांनी पत्रे घातले होते, ते काढायला लावले."

"पत्रे वर होते हो. हे गाडीला चिकटून बसतं."

"चिकटून म्हणजे कायमचं?"

"रेनकोट समजा ना."

"रेनकोट काढता येतो, वहिनी. हे काढता येतं का?"

सगळ्या प्रकरणात कळीचा प्रश्न विचारणारे हे एकटेच. पण सेक्रेटरींनी विचारलेला प्रश्न हा अडवणुकीचाच असणार असं त्या इमारतीत लहान मुलालाही माहीत असल्यामुळे सूनबाईने तो कानाआड केला आणि नानांच्या डोळ्याची सगळी हकीकत सांगितली. करार, दुपार, सगळं. सेक्रेटरींनी फळ्याकडे पाठ केली. त्यांच्याही वडिलांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचेही वडील घरी येऊन पहिलं वाक्य सुनेला उद्देशून बोलले होते. त्याचे परिणाम ते अजून भोगत होते. "वैद्यकीय कारणास्तव परवानगी," ते म्हणाले. "पण मी जातीने हजर राहणार."

तपासणीच्या दिवशी नवरा नानांना घेऊन डॉक्टरांकडे गेला. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत सूनबाईने खिडकीतून हात हलवला आणि मग ठकूला काखोटीला मारून जिने उतरली. फिल्मवाला आलाच होता. भरदार माणूस, गॉगल डोक्यावर, खांद्यावर फिल्मची गुंडाळी तोफेसारखी. कव्हर ओढून काढल्यावर त्याने गॉगल डोळ्यांवर घेतला.

"नवी कुठाय?"

"हीच."

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली, की उलटीने काही फरक पडतो का. "होऊन जाईल," तो म्हणाला, पण जरा वेळाने.

हवेत धूळ नको म्हणून आधी चारी बाजूंनी दोऱ्या बांधून चादरी लावायच्या होत्या. सूनबाईच्या चादरी अपुऱ्या पडल्या. समोरच्या वहिनींनी आपल्या दिल्या, पहिल्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांनी दिल्या, आणि ज्याने चादर दिली त्याला आत यायचा हक्क आपोआप मिळाला. सेक्रेटरी तर जातीने हजर होतेच. धूळ बाहेर राहावी म्हणून केलेल्या त्या तंबूत गाडीपेक्षा माणसंच जास्त झाली. ठकूला सूनबाईने गाडीत नेऊन बसवलं, काच चार बोटं खाली केली आणि दर मिनिटाला "ठकू, आहेस ना?" विचारायला सुरुवात केली. आतून हॉर्न वाजायचा.

"एकदा रंग धरून आहे का बघतो," म्हणत फिल्मवाल्याने बॉनेटवर चिकटपट्टीचा एक तुकडा दाबून बसवला आणि सर्रकन ओढला.

पट्टी निळी होऊन आली. बॉनेटवर तळहाताएवढं करडं टक्कल पडलं.

आतून हॉर्न वाजला.

"हे आधीपासून होतं," फिल्मवाला म्हणाला.

"तुमच्या हातात आहे की रंग," सूनबाई म्हणाली.

"हातात आत्ता आला. सुटलेला आधीपासून होता."

आता इथून सल्ल्यांना सुरुवात झाली. विमावाल्या काकांनी आयुष्यभर आपटलेल्या गाड्यांचे पंचनामे बघितलेले, त्यामुळे ते गाडीकडे वाईट बातमी सांगायला आलेल्या नातेवाइकासारखे बघत होते. "शू पॉलिश," ते म्हणाले. "निळं मिळतं का बघा." समोरच्या वहिनींनी टूथपेस्टचा आग्रह धरला. टूथपेस्टने ओरखडे जातात, त्यांच्या माहेरच्या फ्रीजचे गेले होते. त्या ट्यूब घेऊनही आल्या आणि डाव्या बाजूच्या रेघांवर घासायलाही लागल्या. रेघा गेल्या नाहीत, पण रेघांना पुदिन्याचा वास यायला लागला आणि त्या पांढऱ्या झाल्यामुळे नीट मोजता येऊ लागल्या. सेक्रेटरी म्हणाले, पुसताना पाणी वापरू नका, ते धुण्यात मोडेल.

"टकलाचं काय?" सूनबाई रडकुंडीला आली होती.

"आमच्या कॉलेजकन्येकडे निळं नेलपॉलिश आहे," वहिनी म्हणाल्या.

कल्पना वाईट नव्हती, असं सूनबाईला अजूनही वाटतं. नेलपॉलिश आलं. रंग इतका जुळला की विमावाले काकासुद्धा पुढे वाकले. सूनबाईचा हात प्रुफांनी तयार झालेला, रेघेबाहेर जायची बात नाही. तिने बॉनेटला नाक टेकेल इतकं वाकून, इवल्याशा ब्रशने, ते टक्कल कडेकडेने भरत आणलं. फुंकर घालून वाळवलं. लांबून काही म्हणजे काही दिसेना. त्या दिवसभरात तिची मान ताठ होती ती एवढाच वेळ.

मग फिल्मवाल्याने दोन बाटल्या काढल्या. एकीत साबणाचं पाणी, ते मारलं की फिल्म सरकते. दुसरीत स्पिरिटचं पाणी, ते मारलं की चिकटते. त्याने बॉनेटवर साबण मारला, फिल्म अंथरली, चार कोपरे चौघांच्या हातात दिले. सेक्रेटरींनी आपला कोपरा राष्ट्रीय कर्तव्यासारखा धरला. फिल्म अलगद बसली. मग फिल्मवाल्याने स्पिरिटचं पाणी आत फवारलं आणि रबरी पट्टीने मधून बाहेर दाबत निघाला.

नेलपॉलिशला स्पिरिट लागल्यावर काय होतं, हे तिथल्या दोन्ही बायकांना माहीत होतं. दोघींनाही ते त्याच क्षणी आठवलं.

"थांबा," दोघी म्हणाल्या.

तो थांबला नाही, कारण पट्टी अर्ध्यात थांबवली तर रेघ राहते. त्या टकलातून निळा ओघळ निघाला, पट्टीबरोबर सरकला, पसरला, फिरला, आणि फिल्मखाली बॉनेटच्या मधोमध एक मोठा, गडद, काठाकडे विरत गेलेला ढग तयार झाला. वर फिल्म काचेसारखी लखलखत होती. आजूबाजूला चकाकीचे पापुद्रे, मधे ढग, आणि सगळं असं स्वच्छ दिसत होतं जसं पूर्वी कधी दिसलं नव्हतं. जुन्या रंगावर एवढी वर्षं नानांच्या फडक्याने धूळ पसरून जे पांघरूण घातलं होतं ते गेलं होतं आणि त्या जागी भिंग आलं होतं.

"आणि तो केस कोणाचा?" विमावाले काका म्हणाले.

ढगाच्या वरच्या अंगाला फिल्मखाली एक आखूड, जाड, काळा केस होता. सगळ्यांनी एकमेकांची डोकी बघितली. सेक्रेटरींनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवून आपण निर्दोष असल्याचं निमूटपणे दाखवून दिलं. मग सगळ्यांची नजर फिल्मवाल्याच्या भुवईवर गेली.

"उचला आणि काढा," सूनबाई म्हणाली.

त्याने कोपरा बोटभर उचलला. फिल्मबरोबर निळा रंगही बोटभर उठून आला, आज्ञाधारकपणे. त्याने तो हळूच परत ठेवला आणि वरून थोपटला.

"आता नाही निघायची, मॅडम. निघाली तर बॉनेट घेऊन निघेल."

सूनबाई तिथेच साबणाच्या बादलीवर बसली. उरलेल्या सगळ्या गाडीवर विटका गणवेश, पुदिन्याच्या रेघा, टपावरची रांगोळी, आणि पुढे हा ढग. नाना बघतील. नाना सगळं बघतात आता. बघतील आणि खरं ते बोलतील. तिने खिडकीकडे वर बघितलं. तिथून ही जागा कशी दिसेल, गाडी गेल्यावर, ते तिला दिसलं. नवऱ्याने म्हटल्याप्रमाणे खरंच मोकळी दिसेल.

"ठकू, आहेस ना?"

हॉर्न वाजला नाही. ती ताडकन उठली. ठकू आत काचेला नाक लावून चादरींकडे बघत होती.

"आई, नाना आले."

नानांना डॉक्टरांनी आत घेतल्या घेतल्या पाहून, बंदी उठवून सोडलं होतं. पहिला नंबर. आयुष्यात प्रथमच त्या घरातल्या कोणाचा कुठेही पहिला नंबर लागला होता, आणि दिवस हा निवडला होता. विमावाल्या काकांची फुलाफुलांची चादर बाजूला झाली. नवरा आत आला. त्याच्यामागून काळा चष्मा लावलेले नाना.

"हे काय चाललंय?" नवरा म्हणाला.

"वैद्यकीय कारण," सेक्रेटरी म्हणाले.

नानांनी काळा चष्मा काढला. एरवी सूनबाई म्हणाली असती, नाना, चष्मा. आज ती ठकूच्या दाराशी सरकली. नाना गाडीसमोर उभे राहिले. डावा डोळा झाकला आणि बघितलं. उजवा डोळा झाकला आणि बघितलं. पुन्हा डावा झाकला. असं इतक्या वेळा केलं की ठकूही आतून एकेक डोळा मिटून त्यांच्याकडे बघायला लागली.

"ही निळी आहे," नाना म्हणाले.

"निळीच आहे, नाना."

"नाही, तुला समजत नाहीये. ही निळी *आहे*." ते जवळ आले. "या डावीकडच्या डोळ्याने बघ, हिरवट. शेवाळ चढल्यासारखी. मला तर कित्येक वर्षं अशीच दिसतेय. मला वाटलं, गेला हिचा रंग."

नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "तुम्हाला वाटत होतं गेला? मग रोज येऊन सांगत काय होतात, रंग बघ म्हणून?"

"तुला काय सांगू मग? गाडी शेवाळली आहे, घेऊन जा भंगारात? रोज पुसायचो आणि पुसताना वाटायचं, उद्या याच्या लक्षात येणार. वर येऊन आधी मीच बोलून टाकायचो."

"आणि मी गप्प बसायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मग चांगलं झालं की. दोघंही गप्प बसलो."

नाना आता गाडीभोवती फिरत होते. रेघांपाशी थांबले, बोट लावलं, बोटाचा वास घेतला, काही बोलले नाहीत. टपावरची रांगोळी बघितली. उजवी बाजू बघून "अरेरे" म्हणाले. बॉनेटपाशी येऊन ढगाकडे बराच वेळ बघितलं. "हे छान आहे. हे कोणी केलं?" सूनबाईने जमिनीकडे बघत हात वर केला. "आणि हा केस?" फिल्मवाल्याने दुसरीकडे बघितलं.

नवऱ्याने खाकरून घेतलं. तो वाईट माणूस नाही, पण हिशेबी आहे, आणि करार तो करार. "नाना, आता तुमच्या डोळ्यांनी बघितलंत. बोला."

सगळा तंबू नानांकडे बघायला लागला. सूनबाई मात्र ढगाकडेच बघत होती. तिला माहीत होतं नाना काय बोलणार. आठवडाभर हा माणूस खरं सोडून काही बोललाच नव्हता.

"जुनी झालीय रे," नाना म्हणाले. "निळी आहे, पण जुनी झालीय. शब्द दिलाय, आता खोटं कसं बोलू."

त्यांचा हात बॉनेटवर तसाच होता. समोरच्या वहिनींनी पदर नाकाला लावला. नवऱ्यालासुद्धा जिंकल्यासारखं काही वाटलं नसावं, कारण तो फिल्मवाल्यावर घसरला. "आणि तुम्ही हो, असल्या गाडीला फिल्म लावताना काही वाटलं नाही?"

फिल्मवाल्याचा मान दुखावला. मघापासून त्याच्या भुवईवर संशय घेतला जात होता. "साहेब, गाडी कसली का असेना, माझ्या फिल्मला पाच वर्षांची गॅरंटी आहे. लेखी."

नवरा थांबला.

"किती?"

"पाच वर्षं. पिवळी पडली, भेगा पडल्या, सुटून आली, तर फुकट बदलून देणार."

"आणि फिल्मच्या खाली जे झालंय ते?"

"ते खालचं आहे. त्याला आम्ही जबाबदार नाही. पण वरचं पाच वर्षं."

"आणि गाडी गेली तर?"

"गाडी गेली की गॅरंटी गेली."

आता सूनबाईच्या नवऱ्याबद्दल एक सांगते. त्याने आजवर गॅरंटीतली कुठलीही वस्तू टाकलेली नाही. त्यांच्याकडे एक मिक्सर होता, तो हात लावला की शॉक द्यायचा. गॅरंटी संपायला अवकाश होता म्हणून तो लाकडी चमच्याने चालू करत ठेवला होता. दुरुस्तीला देऊ, बदलून घेऊ, भांडू, पण गॅरंटी जिवंत असताना वस्तू जाऊ देणं हे त्याच्या दृष्टीने चालत्या ट्रेनमधून तिकीट फेकून उडी मारण्यासारखं होतं. तो बॉनेटकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर एकेक वर्ष येत होतं आणि जात होतं.

"फक्त बॉनेटचीच गॅरंटी?" त्याने हळूच विचारलं.

"बाकीची गाडी केली तर बाकीचीही."

"पाच वर्षं," नवरा स्वतःशीच म्हणाला. मग नानांकडे वळला. "जुनी झालीय हे तुम्ही कबूल केलंय, ते लक्षात ठेवा. करार मोडलेला नाही. फक्त ती पाच वर्षांनी जाईल."

"पाच वर्षांनी मी बघून सांगतो," नाना म्हणाले.

"मला बघून वगैरे काही नकोय. पाच म्हणजे पाच."

सेक्रेटरींनी विचारलं की पाच वर्षांचं आच्छादन तात्पुरतं धरायचं की कायमचं. समोरच्या वहिनी चहा टाकायला गेल्या. सूनबाई गाडीत जाऊन ठकूच्या शेजारी बसली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली, आणि ठकूने त्या वेळात समुद्र ओलांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी प्रुफं घेऊन बसली. एक पान झालं, मान वर केली. खाली गाडी होती. ढग होता, ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि तो खरोखर देखणा दिसत होता. काचेतून दोन्ही सीट दिसत होत्या. रिकाम्या.

तिच्या डोक्यात एवढी चित्रं येतात, पण हे एक आलं नव्हतं. ज्याला इतक्या वर्षांनी रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते तो उभ्या गाडीत तासभर कशाला बसेल? नानांनी फिल्मवाल्याकडून उरलेले तुकडे मागून घेतले होते, त्याच्याकडून पट्टी कशी फिरवायची ते शिकून घेतलं होतं, आणि जगात किती गोष्टी उघड्या आहेत हे त्यांना आता नीट दिसत होतं. आधी घराची पाटी झाली. मग खालच्या पत्रपेट्या. मग सेक्रेटरींचा नियमांचा फळा, त्याबद्दल सेक्रेटरींनी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. विमावाल्या काकांची स्कूटर झाली. इमारत संपली. आता ते शेजारच्या गल्ल्यांमध्ये जातात. ठकू साबणाची बाटली घेऊन पुढे, नाना गुंडाळी घेऊन मागे, आणि सूनबाई खिडकीत, जिथून फक्त गाडी दिसते.

म्हणून सूनबाईची तुम्हाला एक विनंती आहे. एक उंच म्हातारे गृहस्थ आणि दोन बो बांधलेली एक मुलगी दुपारच्या वेळी तुमच्या दारात आली, तर फिल्म लावून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. लावून घेणार असाल तर आधी खालचा रंग बघा, एवढं तिच्या अनुभवावरून. पण त्याच्याही आधी त्या गृहस्थांकडे बघा. काळा चष्मा डोळ्यांवर आहे की कपाळावर? कपाळावर असेल तर खाली करायला सांगा. दुपारचे थेंब घातले का, विचारा. ते "घातले" म्हणतील. तेव्हा मुलीच्या तोंडाकडे बघा, तिला अजून खोटं बोलता येत नाही. थेंब त्यांच्या डाव्या खिशात असतात, उजव्या डोळ्यात घालायचे. आणि ते निघाले की लगेच दार लावू नका. मुलीचा हात त्यांच्या हातात आहे ना ते बघा, आणि दोघं पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत जरा तिथेच उभे राहा.